माणूस गावामुळे घडतो, मग गावाशी भांडायचं कुठून?

पत्र असं आहे:

‘माझं गाव दक्षिण रायगडात. मी डोंबिवलीला राहते, पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी करते आणि गेल्या वर्षापासून बाहेरून तत्त्वज्ञानात एम.ए. करते आहे. माझे काका गावकीनं ठरवलेल्या उमेदवाराविरुद्ध ग्रामपंचायतीला उभे राहिले आणि पडले. त्यानंतर गावकीनं बैठक घेऊन त्यांचं घर वाळीत टाकलं. २५,००० रुपये दंड भरायचा, देवळात नाक घासून माफी मागायची, आणि तोवर त्यांच्याशी जो बोलेल त्याला ५०० रुपये दंड. बैठकीत हात वर करणाऱ्यांत माझे बाबा होते. ते गावकीचे पंच आहेत. शिमग्याला मी गावी होते. काकी ओटीचं ताट घेऊन अंगणात उभी होती. पालखी तिच्या दारावरून न थांबता पुढे आमच्या अंगणात आली. मी आमच्या दारात ओटी भरली, पण तोंडातून शब्द काढला नाही. आता मे महिन्यात भावाचं लग्न आहे आणि काकांना पत्रिका नाही. मी बोलले तर बाबा म्हणाले, “तुला गावानं घडवलं, आता चार बुकं शिकून गावालाच शिकवणार?” मला उत्तर सुचलं नाही, कारण अभ्यासाला मॅकिंटायर आणि सँडल हे तत्त्वज्ञ आहेत आणि त्यांचंही म्हणणं हेच दिसतं: समाजाच्या आधी “मी” नसतेच. मग माझा राग आला कुठून, डोंबिवलीतून? आणि गावाशी तुटले, तर उरेन ती मी कोण?’

प्रिय ताई,

तुमचं पत्र वाचताना मी काकींच्या हातातल्या ताटापाशी अडकले. सकाळी उठून अंगण सारवलं असेल, रांगोळी घातली असेल, ढोलाचा आवाज जवळ येतोय, खण-नारळ-तांदूळ घेऊन बाई उभी आहे, आणि पालखी पुढे निघून जाते. त्या ताटातल्या तांदळाचं त्यांनी नंतर काय केलं असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही. बाकी जे लिहायचं ते त्या ताटाला धरूनच लिहिते.

आधी बाबांचं वाक्य घेऊ. तुम्हाला गावानं घडवलं हे खरं आहे. ते खोडून काढायच्या फंदात पडू नका. मी चौतीस वर्षं कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवलं. शहरात आलेली हुशार मुलं या वाक्याला बिचकायची आणि थेट दुसऱ्या टोकाला जायची: मला कुणी घडवलं नाही, मी माझी. हा सुटा, एकटा ‘मी’ आधुनिक तत्त्वज्ञानानं मोठ्या कष्टानं उभा केलेला आहे. जॉन लॉकनं १६९४ साली माणसाची ओळख त्याच्या जाणिवेशी आणि आठवणीशी बांधली. कालचं कृत्य मला माझं म्हणून आठवतं, म्हणून त्याचा जाब मी द्यायचा. हिशेब चोख आहे, पण त्यात आई-बाप, भाषा, गाव कुठेच येत नाही. कांटनं नीतीचा नियम माणसाच्या स्वतःच्या विवेकात ठेवला. १९७१ मध्ये जॉन रॉल्सनं म्हटलं, आपण कुठल्या घरात, कुठल्या धर्मात जन्मलो, गरीब की श्रीमंत, हे ठाऊकच नाही असं समजून बसा आणि समाजाचे नियम ठरवा, म्हणजे कुणी स्वतःच्या सोयीचे नियम करणार नाही. यावर १९८२ मध्ये मायकेल सँडलनं जी हरकत घेतली ती तुम्ही वाचली आहेच: सगळी नाती, सगळ्या निष्ठा काढून ठेवल्यावर त्या जागी बसलेला माणूस असतो तरी कोण?

ॲलस्डेअर मॅकिंटायर यांचं म्हणणं त्याच्या वर्षभर आधी, १९८१ मध्ये आलं. मी कुणाची तरी लेक, कुणाची पुतणी, अमुक गावची, अमुक कामातली म्हणूनच जगात येते, आणि ‘मी काय करावं’ हा प्रश्न मला या नात्यांमध्येच पडतो. तुम्ही इथवर वाचलंत, बाबांचा आवाज ऐकू आला आणि पुस्तक मिटलंत, असं मला वाटतं. माझे विद्यार्थीही बरेचदा याच ठिकाणी थांबायचे. पण मॅकिंटायर तिथे थांबत नाहीत, म्हणून कृपा करून ते प्रकरण पुन्हा उघडा.

एक तर ते म्हणतात, घराण्याकडून, गावाकडून, देशाकडून वारसा येतो त्यात ऋणंही असतात. ‘मी कधी गुलाम ठेवले नाहीत’ असं म्हणून हात झटकणारा अमेरिकन किंवा ‘मी तर १९४५ नंतर जन्मलो’ म्हणणारा जर्मन तरुण त्यांना पटत नाही. हे आपल्याला समजायला परदेशी उदाहरण लागत नाही. सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागतं तेव्हा जमिनीवरचा बोजाही आपल्याकडे येतो. बाबा म्हणतात गावानं तुला दिलं, ठीक, मग गावकीनं काकांना जे केलं त्याचा बोजाही तुमच्या नावावर चढला. तो फेडायला तुम्ही बाहेरची असून चालणारच नाही. गावची लेक आहात म्हणूनच तो तुमच्याकडे आला.

दुसरं म्हणजे, समाजातून आपली नैतिक ओळख मिळते, पण म्हणून त्या समाजाच्या नैतिक मर्यादा मान्य केल्याच पाहिजेत असं नाही, हे त्यांनी तिथेच स्वच्छ लिहिलं आहे. जिवंत परंपरा म्हणजे काय, याचं त्यांचं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: पिढ्यान्‌पिढ्या चाललेला वाद, आणि तोही ‘आपल्या परंपरेत चांगलं ते काय’ यावरचाच वाद. वाद बंद पडला की परंपरा मेली. म्हणजे तुम्ही बाबांसमोर तोंड उघडलंत ते परंपरेच्या आत उभं राहून उघडलंत.

राग डोंबिवलीतून आला का, असं तुम्ही विचारता. जरा आठवून बघा. पालखी प्रत्येक दारात थांबते, घर कौलारू असो की स्लॅबचं, माणूस पैसेवाला असो की कर्जबाजारी, देवी त्याच्या अंगणात येते, हे तुम्हाला कुणी शिकवलं? डोंबिवलीत पालखी दारात येत नाही. ती थांबायला हवी होती ही अपेक्षा गावानंच तुमच्यात रुजवली, आणि ती मोडली म्हणून राग आला. तुमच्या गावात हरिपाठ होत असेल तर तोही आठवा. परंपरा सांगते की संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वरांना आणि त्यांच्या भावंडांना आळंदीकरांनी वाळीत टाकलं होतं. ज्यांना वाळीत टाकलं त्यांचेच अभंग टाळ कुटत म्हणणाऱ्या देवळात काकांनी नाक घासायचं आहे. हे बाबांना कळत नसेल असं मला वाटत नाही.

आता मी तुमच्या अभ्यासातलं एक नाव वाढवते. चार्ल्स टेलर, माँट्रियलचे. घरात वडिलांची भाषा इंग्रजी, आईची फ्रेंच, त्यामुळे ‘मी कुणाचा’ हा प्रश्न त्यांना पुस्तकाआधी जेवणाच्या टेबलावर भेटला असेल. ते म्हणतात, माणूस स्वतःशी एकटा बसून ‘मी’ होत नाही, इतरांशी बोलत-भांडत होतो, आणि इतरांनी आपल्याला ओळख देणं ही माणसाची गरज आहे, वरवरची रीतभात नाही. मी हे वाचलं तेव्हा मला माझ्या लहानपणचं एक घर आठवलं.

आमच्या वाडीत एक घर वाळीत होतं. कारण काय होतं ते मला कधी नीट कळलं नाही, जमिनीचं काहीतरी होतं. त्या घरातली मुलगी माझ्याच वर्गात. शाळेत आम्ही बोलायचो, वाडीत शिरलं की ती दहा पावलं मागे राहायची, तिला तसं सांगून ठेवलेलं होतं. माझी आजी रात्री, निजानीज झाल्यावर, मधल्या गडग्यावर ताकाचा तांब्या ठेवायची. सकाळी तो धुऊन पालथा घातलेला असायचा. एवढंच बोलणं. आजीला मी अनेक वर्षं थोर मानत आले, आणि आजही तिच्याबद्दल माया तेवढीच आहे. पण त्या मुलीचा आवाज मात्र दोनेक वर्षांत अगदी बारीक झाला होता. मास्तरांनी नाव पुकारलं तर ‘हजर’ म्हणायला तिला वेळ लागायचा. नाव ऐकू आलं तरी ते आपलंच आहे का, असं ती इकडेतिकडे बघायची. टेलर वाचताना मला जे कळलं ते तिच्यामुळे कळलं. रात्रीच्या ताकानं पोट भरतं, पण आपल्याला हाक मारणारं कुणी आहे हे त्यानं कळत नाही.

म्हणून तुमच्या बाबांच्या वाक्यातून निघणारा निष्कर्ष मला नेमका उलटा दिसतो. माणूस सुटा असता, गावाशिवाय पुरा असता, तर वाळीत टाकणं ही किरकोळ गैरसोय ठरली असती: दुसरीकडून दूध घ्या, दुसरीकडे जा. पण माणूस गावामुळे माणूस होतो असं जो मानतो, त्याला वाळीत टाकणं म्हणजे काय हे सगळ्यांत जास्त कळायला हवं. बाबांचं तत्त्व जितकं खरं, तितकी त्यांनी वर केलेल्या हाताची जबाबदारी जड. हे त्यांना सांगायचं आहे, आणि ते तुमच्याइतकं दुसरं कुणी सांगू शकणार नाही.

मात्र सांगताना तुच्छतेनं सांगू नका. असा धाक पुण्यातल्या भल्याभल्यांनाही चुकला नव्हता. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्तानं शहरातली प्रतिष्ठित मंडळी जमली, चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी घेतली, कुणी कपाला नुसता हात लावला. नंतर नावं वर्तमानपत्रात छापून आली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, माजलं. ख्रिस्ती मिशनमधल्या चहाचा प्रश्न शंकराचार्यांपर्यंत गेला. त्या यादीत टिळक होते, रानडे होते. ग्रामण्यात सापडलेल्याच्या घरी कार्याला भटजी मिळायचा नाही, मुलीची सोयरीक जुळायची नाही. रानड्यांसारखा न्यायाधीश, सुधारणेचा एवढा मोठा पुरस्कर्ता, चहात पाप नाही हे पक्कं ठाऊक असलेला माणूस. त्यानंही शेवटी प्रायश्चित्त घेतलं, आपल्या पायी जवळच्या माणसांची घरं अडचणीत नकोत म्हणून. त्यांच्या अनुयायांना ते फार लागलं. मला ते चुकले असं वाटतं, कारण प्रायश्चित्तानं ग्रामण्याचा अधिकार मान्य झाला. पण वर्गात हा प्रसंग सांगताना मला त्यांच्यावर कधी राग धरता आला नाही. तुमच्या बाबांचा हात वर गेला तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे मुलाचं लग्न असेल. विचारा त्यांना. तो हात मनापासून वर गेला की भीतीनं, यावर पुढचं बोलणं अवलंबून आहे.

समाजाचा हक्क मोठा की व्यक्तीचा, हे भांडण आपल्याकडे कोर्टातही झालं आहे. मुंबई राज्यानं १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यावर बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं तो रद्द ठरवला: धार्मिक बाबतीत आपला कारभार आपण पाहण्याचा समाजाला हक्क आहे म्हणून. सरन्यायाधीश भुवनेश्वर प्रसाद सिन्हा एकटे विरोधात राहिले. बहिष्कृत माणूस आपल्याच समाजात अस्पृश्यासारखा होतो, असं त्यांनी लिहिलं. मला त्यांचं मत बरोबर वाटतं. बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि मंडळानं सभाच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात त्यांनी दाखवलं, की वेगळा विचार करणाऱ्याला जातीबाहेर टाकता येतं या एका हत्यारानं जात प्रत्येक सुधारकाला वाकवते, आणि अशा समाजात सद्‌गुणसुद्धा जातीपुरताच उरतो. १९४८ मध्ये घटना समितीत ते गावाबद्दल फार कठोर बोलले, आणि मसुद्यानं गाव सोडून व्यक्तीला एकक धरलं याचा आनंद त्यांनी व्यक्त केला. त्यांना समाज नको होता असं मुळीच नाही. बंधुता हा शब्द त्यांनी किती जपला हे तुम्ही जाणता. पण ज्याला कुणीही बाहेर काढू शकत नाही असा माणूसच खऱ्या अर्थानं आत असू शकतो. इथे मी मॅकिंटायरांना सोडते आणि बाबासाहेबांबरोबर जाते. वाद हीच परंपरा हे मान्य, पण वाद घालणाऱ्याला उठवून लावता येणार नाही याची हमी परंपरा स्वतः देत नाही. ती कायद्यालाच द्यावी लागते.

तो कायदा आता आपल्याकडे आहे. महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये कायदा केला, तो जुलै २०१७ पासून लागू आहे. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पोलिसांकडे तक्रार करता येते, थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही जाता येतं. आणि नीट वाचा: बैठकीत ठरावाच्या बाजूनं मत देणाराही त्यात दोषी धरला जातो. म्हणजे बाबा. हे त्यांना दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळावं, धमकी म्हणून नको, काळजी म्हणून.

तक्रार करायची की नाही, हे काकांनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्या वतीनं परस्पर अर्ज दिलात, तर गावकीनं त्यांना न विचारता ठरवलं तसंच तुम्हीही केलंत असं होईल. तोवर पुरावा मात्र जपा. गावकीच्या वहीत ठराव लिहिला असेल, मुंबई मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप फिरला असेल, त्याच्या तारखा टिपून ठेवा. काकांशी बोललात म्हणून तुमच्याकडे ५०० रुपये मागायला आले तर भरू नका, लेखी मागा म्हणा. काकांना आधार हवा असेल तर महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते २०१३ पासून जातपंचायतींविरुद्ध हेच काम करत आहेत, त्यांना गाठता येईल.

लग्नाला जा. भावाच्या हळदीला तुम्ही नसणं ही काकींची भरपाई नव्हे. पण आधी भावाशी बोला आणि एक पत्रिका मागून घ्या. तो तुमच्याबरोबर काकांकडे आला तर फारच बरं, नाही आला तर एकट्या जा, अक्षता लावून पत्रिका द्या. बाबांना हे जायच्या आधी सांगा. त्यांच्या पाठीमागे काही करू नका, आणि बैठकीसमोर त्यांना उघडं पाडूही नका. ते चिडतील. कदाचित महिना-दोन महिने बोलणार नाहीत. हे सोपं जाईल असं खोटं आश्वासन मी तुम्हाला देणार नाही.

गावाशी तुटले तर उरेन ती मी कोण, हा प्रश्न उरला. काही गोष्टी जातील. शिमग्याला तुम्ही पूर्वीसारख्या निर्धास्त नाचू शकणार नाही, काही घरांत तुमच्यासाठी चहा टाकला जाणार नाही, आणि ते दुखेल, कारण ती घरं तुमचा भाग आहेत. पण तुम्ही काकांची पुतणी आहात हे गावकीच्या कुठल्या बैठकीत ठरलं नव्हतं, तेव्हा ते कुठल्या बैठकीत रद्दही होणार नाही. आणखी एक. लॉकचा हिशेब मी वर चोख पण कोरडा ठरवला, तरी तुमच्या पत्रात तो मला खरा होताना दिसला. ‘मी आमच्या दारात ओटी भरली, पण तोंडातून शब्द काढला नाही’ हे वाक्य तुम्ही गाळू शकला असता. कुणी विचारलं नव्हतं. तरी ते तुम्ही स्वतःच्या नावावर लिहिलंत. जी मुलगी त्या अंगणात गप्प उभी होती ती मीच, असं म्हणणारी ही जी कुणी आहे, तिच्याबद्दल मला फार काळजी वाटत नाही.

पुढच्या खेपेला गावी जाल तेव्हा काकींकडे मुक्काम करा. त्यांना देवळात यायचं असेल तर सोबत जा. पूजेला अडवणं हाही त्याच कायद्यात बसणारा गुन्हा आहे, हे अडवायला येणाऱ्याला शांतपणे सांगता येईल. जाल ती सकाळी दहाला जा, रस्त्यावर माणसं असतात तेव्हा. ताट त्यांच्या हातात असू द्या, नारळ तुम्ही धरा. आणि त्या दिवशीच्या तांदळाचं काय केलं ते त्यांनी सांगितलं, तर मला कळवा.